बिंदूपासून रेषेचं अंतर: आधी लंबपाद शोधा

बिंदूपासून रेषेचं अंतर विचारलं की अकरावीची मुलं क्षणात सूत्र लिहितात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण ते अंतर रेषेला नेमकं कुठे जाऊन टेकतं, असं विचारलं की वर्ग गप्प होतो. माझ्या मते या विषयातली सगळी गंमत आणि सगळी गफलत त्या टेकण्याच्या जागेत आहे. बिंदूपासून रेषेवर टाकलेला लंब रेषेला जिथे मिळतो, त्या बिंदूला लंबपाद म्हणतात. लंबपाद हाती असेल तर अंतर आपोआप मिळतं, उत्तर तपासता येतं, आणि कागदावरचं गणित शेतात किंवा सर्व्हेच्या नकाशावर नेताना फसगत होत नाही.

गोव्यात पाचवीपासून बहुतेकांचं गणित इंग्रजीतून होतं, म्हणून शब्द आधी जुळवून घेऊ. परपेंडिक्युलर म्हणजे लंब, स्लोप म्हणजे चढ, कोऑर्डिनेट म्हणजे निर्देशक. आडवा निर्देशक क्ष, उभा य. रेषा अ·क्ष + ब·य + क = ० अशी लिहू आणि बिंदूला प(म, न) म्हणू.

लंबच का?

रेषेवर कुठलाही बिंदू घेऊन तो प ला जोडता येतो. अशी असंख्य अंतरं निघतील. त्यांतल्या सर्वांत लहान अंतरालाच आपण बिंदूचं रेषेपासूनचं अंतर म्हणतो. ते लंबाचंच का, हे एका काटकोन त्रिकोणात दिसतं. लंबपादाला ल म्हणा आणि रेषेवर आणखी कुठलाही बिंदू र घ्या. पलर या त्रिकोणात ल पाशी काटकोन आहे, म्हणून पर हा कर्ण, आणि कर्ण नेहमी दोन्ही बाजूंपेक्षा मोठा. म्हणजे पर हे पल पेक्षा मोठंच. सिद्धता एवढीच आहे, पण ती मुलांकडून एकदा तोंडी वदवून घ्यावी. ज्याला ही पटली, तो पुढे लंबाऐवजी उभी किंवा आडवी रेघ मारून अंतर मोजणार नाही.

टेप घेऊन शेतात

सूत्राच्या आधी हे करावं असा माझा आग्रह आहे, कारण इथे लंबपाद पायाखाली येतो. खाजन शेतीचा (खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या शेताचा) सरळ बांध आणि बांधापासून दूर एक विहीर, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. बांधावर दोन खुंट्या ठोकून दोरी ताणली की रेषा तयार.

टेपचं शून्याचं टोक एकाने विहिरीच्या खुंटीवर धरावं. दुसऱ्याने टेप ताणून दोरीच्या वर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवावा. दोरीवरचं वाचन आधी कमी होत जातं, मग वाढू लागतं. सर्वांत कमी वाचन जिथे मिळतं तो लंबपाद, आणि ते वाचन म्हणजे अंतर. साखळीने सर्व्हे करणारे ऑफसेट, म्हणजे मुख्य रेषेपासून बाजूच्या बिंदूचं लंब अंतर, असाच घेत आले आहेत.

या पद्धतीत अंतर चांगलं मिळतं, पण लंबपादाची जागा तितकी नेमकी मिळत नाही. किमान वाचनाच्या आसपास टेप थोडा इकडे-तिकडे सरकला तरी आकडा जवळजवळ तोच राहतो. जागा नेमकी हवी असेल तर टेपची लांबी किमान वाचनापेक्षा बरीच जास्त ठेवा, ती न बदलता फिरवा, आणि दोरीला ती जिथे जिथे छेदते तिथे दोन खुणा करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे लंबपाद. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातली बारावी रचना हीच आहे. काटकोन तपासायचा तर लंबपादापासून दोरीवर ३ मीटर आणि विहिरीच्या दिशेला ४ मीटर मोजा. त्या दोन खुणांमधलं अंतर ५ मीटर भरलं पाहिजे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात ३ आणि ४, ५ आणि १२, ८ आणि १५ या जोड्या दिलेल्या आहेत, त्या याच कामाच्या.

जमीन उताराची असेल तर टेप जमिनीवर टेकवून मोजू नका. डोंगराच्या उतरणीवर २० मीटर मोजले आणि त्यात ३ मीटर खाली उतरलात, तर आडवं अंतर √(४०० − ९), म्हणजे सुमारे १९.७७ मीटर. नकाशावर आडवंच अंतर असतं. टेप आडवा धरावा, टोकाला ओळंबा सोडावा आणि उतार थोडा थोडा करून, टप्प्याटप्प्याने मोजावा.

विहिरीपासून बांधापर्यंत चालता येत नसेल तर

मध्ये पाणी आहे, मानशीचा (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराचा) खोल भाग आहे किंवा शेजाऱ्याचं कुंपण आहे. अशा वेळी तीन लांब्या पुरतात: बांधाची दोन टोकं च आणि छ यांमधली, आणि विहिरीपासून प्रत्येक टोकापर्यंतची. च पासून लंबपाद किती दूर आहे ते आधी काढा:

चल = (पच² + चछ² − पछ²) ÷ (२ × चछ)

मग पायथागोरसने अंतर = √(पच² − चल²).

समजा चछ १५० मीटर आहे आणि पच, पछ दोन्ही ९०.१४ मीटर आहेत. दोन वर्ग एकमेकांना खाऊन टाकतात; चल = १५० ÷ २ = ७५. पच² सुमारे ८१२५, त्यातून ५६२५ गेले, उरले २५००. अंतर ५० मीटर. इथेही आधी लंबपाद आणि मगच अंतर मिळालं.

या पद्धतीचा एक धोका सहसा सांगितला जात नाही. बिंदू रेषेच्या फार जवळ असेल तर ती विश्वासाची राहत नाही. वरच्या उदाहरणात पच मोजताना १ सेंटिमीटरची चूक झाली तर अंतरात १ सेंटिमीटरहूनही कमी फरक पडतो. पण तोच १५० मीटरचा बांध असेल, विहीर त्याच्या मध्यासमोर फक्त २ मीटरवर असेल, आणि पच मोजताना तीच १ सेंटिमीटरची चूक झाली, तर अंतर २ मीटरऐवजी जवळजवळ २.१८ मीटर येतं. एका सेंटिमीटरची चूक अठरा सेंटिमीटर होते. कुंपणापासून भिंत किती लांब, अशा वादात अठरा सेंटिमीटर पुष्कळ झाले. जवळचा बिंदू असेल तर टेप फिरवूनच मोजा.

सूत्र आणि त्यामागचं कारण

आता निर्देशकांकडे येऊ. सूत्र असं:

अंतर = |अ·म + ब·न + क| ÷ √(अ² + ब²)

उभ्या दांड्या म्हणजे केवल मूल्य: आतली संख्या ऋण आली तर चिन्ह सोडून द्या.

वर्गमूळ आणि वर्ग कुठून आले हा प्रश्न मुलांना पडतो, आणि पडलाच पाहिजे. अ·क्ष + ब·य + क ही राशी घ्या. रेषेवरच्या प्रत्येक बिंदूवर तिची किंमत शून्य असते; रेषेची व्याख्याच ती आहे. रेषेपासून दूर जाऊ लागलात की किंमत बदलते. रेषेचा चढ −अ/ब आहे, तर लंबाचा चढ ब/अ. म्हणजे लंबाने जायचं तर आडवं अ आणि उभं ब या प्रमाणात सरकायचं. एवढं एकदा सरकलात की किंमत अ × अ + ब × ब, म्हणजे अ² + ब² ने वाढते, आणि तुम्ही चाललेलं अंतर असतं √(अ² + ब²). भागाकार केला की कळतं: लंबाच्या दिशेने एक मीटर सरकलं की किंमत √(अ² + ब²) ने बदलते. मग बिंदूपाशी किंमत किती आहे ते पाहायचं, तिला या दराने भागायचं, आणि किती मीटर दूर आलो ते मिळतं. सूत्र एवढंच सांगतं. हे कारण कळलं की पाठांतराची गरज उरत नाही, आणि खाली वर्गमूळ लिहायला विसरणंही जवळजवळ अशक्य होतं.

आता आकडे घालू. बांधाची टोकं च(२०, ३०) आणि छ(१४०, १२०), विहीर प(५०, ११५). सगळे आकडे मीटरमध्ये.

पहिली पायरी, रेषेचं समीकरण. आडवा फरक १२०, उभा फरक ९०, चढ ९०/१२० म्हणजे ३/४. य − ३० = (३/४)(क्ष − २०). चारने गुणून सगळं एका बाजूला आणा: ३क्ष − ४य + ६० = ०. लगेच छ घालून तपासा: ४२० − ४८० + ६० = ०. बरोबर. ही तपासणी एका ओळीची आहे, पण ती गाळली आणि समीकरण चुकलेलं असलं की पुढचं सगळं वाया जातं.

दुसरी पायरी, किंमत. ३ × ५० − ४ × ११५ + ६० = १५० − ४६० + ६० = −२५०.

तिसरी पायरी, दर. √(९ + १६) = ५. अंतर २५० ÷ ५ = ५० मीटर.

शाळेत इथे थांबतात. आपण लंबपाद काढू. किंमत −२५० आहे, ती शून्यावर आणायची आहे. (अ, ब) च्या दिशेने एकदा सरकल्यावर ती २५ ने वाढते, म्हणून १० वेळा सरकू:

ल = (५० + ३ × १०, ११५ − ४ × १०) = (८०, ७५)

तपासणी दुहेरी. ३ × ८० − ४ × ७५ + ६० = ०, म्हणजे ल रेषेवर आहे. आणि प ते ल अंतर √(३०² + ४०²) = ५०. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की ते निर्धास्तपणे लिहावं.

किंमतीचं चिन्ह फेकून देऊ नका. ऋण चिन्ह सांगतं की विहीर रेषेच्या या बाजूला आहे. दुसऱ्या विहिरीची किंमत धन आली तर ती बांधापलीकडे. दोन घरं रस्त्याच्या एकाच बाजूला आहेत का, हे नकाशा न काढताही या चिन्हावरून कळतं.

चुका ठराविक आहेत. य = (३/४)क्ष + १५ असं समीकरण दिलेलं असताना अ = ३/४, ब = १ धरणं ही सर्वांत जास्त होणारी. सगळं एका बाजूला आणल्यावर य चा सहगुणक (त्याला गुणणारी संख्या) −१ होतो. त्याने खालचा दर बदलत नाही, पण वरची किंमत बदलते आणि उत्तर चुकतं. रेषा उभी असेल, जसं क्ष = ७, तर चढ काढायला जाऊच नका; अंतर म्हणजे फक्त |म − ७|.

समीकरण न लिहिता

दोन बिंदू दिलेले असतील तर मला ही वाट जास्त आवडते. च ते छ हा सदिश, म्हणजे आडवा आणि उभा फरक मिळून, (१२०, ९०), च ते प हा (३०, ८५). तिरपा गुणाकार करा: १२० × ८५ − ९० × ३० = १०२०० − २७०० = ७५००. ही संख्या चछप त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या दुप्पट असते. क्षेत्रफळ म्हणजे अर्धा पाया गुणिले उंची, पाया १५०, म्हणून उंची ७५०० ÷ १५० = ५०. ती उंची म्हणजेच आपलं अंतर. चढ नाही, अपूर्णांक नाहीत, आणि उभ्या रेषेचा वेगळा विचारही करावा लागत नाही.

रेषा कुठेतरी संपते

पुस्तकातली रेषा दोन्हीकडे अनंत जाते. पणजी ते रायबंदर हा १६३३–३४ मध्ये बांधलेला कॉजवे बराचसा सरळ आहे, पण त्याला दोन टोकं आहेत. बांध, कुंपण, रस्ता, वीजवाहिनी, सगळ्यांना टोकं असतात. लंबपाद टोकांच्या बाहेर पडला तर सूत्राचं उत्तर गणितात बरोबर आणि जमिनीवर चूक.

तपासायला डॉट प्रॉडक्ट वापरा. (च ते प) आणि (च ते छ) यांचे आडवे भाग गुणा, उभे भाग गुणा, बेरीज करा, आणि चछ² ने भागा. आपल्या विहिरीसाठी: ३० × १२० + ८५ × ९० = ११२५०; भागिले २२५०० = ०.५. म्हणजे लंबपाद बांधाच्या बरोबर मध्यावर. ही संख्या ० ते १ मध्ये असेल तर लंबपाद बांधावरच आहे आणि सूत्राचं उत्तर वापरा. ० पेक्षा कमी असेल तर च हे जवळचं टोक, १ पेक्षा जास्त असेल तर छ.

आता एक माड घ्या, (१७६, १२२) वर. सूत्रात किंमत ५२८ − ४८८ + ६० = १००, अंतर २० मीटर. पण डॉट प्रॉडक्ट १५६ × १२० + ९२ × ९० = २७०००, भागिले २२५०० = १.२. लंबपाद बांध संपल्यावर पुढे ३० मीटरवर, मोकळ्या जागेत पडतो. खरं अंतर माडापासून छ पर्यंतचं: √(३६² + २²) = √१३००, सुमारे ३६ मीटर. वीस कुठे आणि छत्तीस कुठे!

वाकडी रेषा: भरतीरेषेचं उदाहरण

आपल्याकडे हा प्रश्न किनाऱ्यावर रोजचा आहे. १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा नियमनाखाली आला आणि ग्रामीण किनाऱ्याच्या वर्गात पहिले २०० मीटर बांधकामासाठी बंद ठेवले गेले. नंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या आणि तरतुदी बदलल्या, त्यामुळे आज कुठल्या जागेला कोणता आकडा लागतो ते संबंधित खात्यातच पाहावं. भरतीरेषाही अधिकृत आराखड्यातलीच चालते. पण आराखड्यावरून स्वतः अंदाज घ्यायला काहीच हरकत नाही, आणि तो घेता यावा असं मला मनापासून वाटतं.

भरतीरेषा वाकडी असते, म्हणून तिचे छोटे सरळ तुकडे करा. प्रत्येक तुकड्यासाठी वरची ० ते १ ची तपासणी करून अंतर काढा, आणि सर्वांत लहान निवडा. समजा रेषेचे बिंदू (०, ०), (३००, १००), (५००, ४००) आणि घर (१५०, ३००) वर आहे. पहिल्या तुकड्यावर डॉट प्रॉडक्टची संख्या ०.७५, अंतर √५६२५० म्हणजे २३७.२ मीटर. दुसऱ्या तुकड्यावर संख्या सुमारे ०.२३, तिरपा गुणाकार ८५०००, लांबी ३६०.५६, अंतर २३५.७ मीटर. आणि कोपऱ्याच्या बिंदूपर्यंत थेट टेप लावला तर २५० मीटर. नकाशावर ठळक दिसतो म्हणून कोपऱ्यापर्यंत मोजायची सवय असते. इथे त्या सवयीने चौदा मीटर जास्त दाखवले.

सर्व्हे प्लॅनवरून मोजत असाल तर प्रमाण आधी वाचा. १:१००० च्या प्लॅनवर १ सेंटिमीटर म्हणजे १० मीटर, आणि पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर. झेरॉक्स प्रत थोडी लहान-मोठी होऊ शकते, म्हणून प्लॅनवर छापलेली प्रमाणपट्टी किंवा आधी माहीत असलेली एखादी लांबी मोजून खात्री करा.

फोनवरून अक्षांश-रेखांश घेतले असतील तर ते अंश थेट सूत्रात घालू नका. गोव्याच्या अक्षांशाला, साधारण १५.५ उत्तरेला, एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, पण एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०७.३ किलोमीटर. दोन्ही अक्षांवरचं एकक सारखं नसेल तर काटकोन काटकोन राहत नाही आणि लंबपाद सरकतो. एक बिंदू मूळ माना, बाकीच्यांचा अंशांतला फरक या आकड्यांनी गुणून मीटर करा, मग सूत्र लावा. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करत असाल तर यूटीएम या मीटरमधल्या निर्देशक पद्धतीचा ४३ उत्तर हा झोन निवडा. गोवा त्यातच येतो आणि निर्देशक थेट मीटरमध्ये मिळतात. दशांशानंतरचा पाचवा अंक साधारण एक मीटरचा असतो, आणि फोनची चूक कित्येक मीटरची असू शकते, म्हणून त्यापुढचे अंक कितीही दिसले तरी त्यांच्यावर विसंबू नका.

समांतर रेषा आणि अवकाशातली रेषा

दोन समांतर रेषांमधलं अंतर म्हणजे एकीवरच्या कुठल्याही बिंदूचं दुसरीपासूनचं अंतर. ३क्ष − ४य + ६० = ० आणि ६क्ष − ८य − ३० = ० घ्या. आधी सहगुणक सारखे करा: दुसरीला दोनने भागून ३क्ष − ४य − १५ = ०. आता क मधला फरक ७५, दर ५, अंतर १५. सहगुणक सारखे न करता फरक घेणं ही परीक्षेत गुण घालवणारी चूक आहे.

बारावीत रेषा अवकाशात, म्हणजे तीन मितींत, जाते आणि अ, ब, क चं सूत्र तिथे चालत नाही. लंबपादाची वाट मात्र जशीच्या तशी चालते. रेषा (१, २, ३) मधून जाते, दिशा (२, १, २). बिंदू (४, ५, ३). फरकाचा सदिश (३, ३, ०). दिशेशी डॉट प्रॉडक्ट ६ + ३ + ० = ९, दिशेची लांबी √(४ + १ + ४) = ३, म्हणून रेषेवर ९ ÷ ३ = ३ एकक पुढे गेलं की लंबपाद. एकूण लांबीचा वर्ग ९ + ९ = १८, त्यातून ३² म्हणजे ९ वजा केले, उरले ९, अंतर ३. लंबपाद लिहून दाखवायचा तर दिशा एकदा पूर्ण चालायची: (३, ३, ५). त्यापासून बिंदूपर्यंतचा सदिश (१, २, −२), त्याची लांबी ३, आणि दिशेशी त्याचा डॉट प्रॉडक्ट २ + २ − ४ = ०. शून्य आलं, म्हणजे काटकोन आहे, आणि उत्तर बरोबर आहे.